एकवचन

१

मुलाखतवालीचा एक नियम होता. समोरच्याचं बोलून झालं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, मनातल्या मनात सातपर्यंत आकडे मोजायचे. माणसाला शांतता सोसत नाही हो. चार-पाचपर्यंत पोचेतो त्याची चुळबुळ सुरू होते, आणि सहाव्या आकड्याला तो आपणहून तोंड उघडतो. खरं काय ते तेव्हा बोलतो. त्याआधीचं सगळं पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवलेलं असतं.

दुसरा नियम, लोक बोलतील ते जसंच्या तसं उतरवायचं. चुकलेलं असलं तरी.

ती भांडी बनवणाऱ्या एका कंपनीत होती. वापरणाऱ्यांच्या घरी जायचं, एकेकाला समोर बसवायचं, तासभर बोलतं करायचं आणि वस्तूत नेमकं काय खुपतंय ते काढून आणायचं, हे तिचं काम. बारा वर्षं हेच केल्यामुळे ऑफिसात सगळे तिला मुलाखतवालीच म्हणत. स्वतः मात्र एका जागी पाच मिनिटं बसणार नाही. बसली तरी पाय हलत असायचा.

त्या वर्षी कंपनीने एका माणसाचं भांडं काढलं होतं. विजेवर चालणारं, दिसायला गुटगुटीत, एकट्या माणसाचं जेवण वीस मिनिटांत तयार. एकटे राहणारे काय कमी आहेत? भांडी हातोहात खपली. आणि तीन महिन्यांनी परत यायला लागली. प्रत्येकाबरोबर एक छापील कागद असायचा, त्यावर परतीचं कारण लिहायचं. सगळ्यांचं कारण एकच होतं. ‘लहान पडतं.’

“एका माणसाचं भांडं एका माणसाला लहान कसं पडेल?” साहेब वैतागले होते. “लोकांनी पोटात काय विहिरी खणल्यात?”

“शितावरून भाताची परीक्षा करू या, साहेब,” ती म्हणाली. “पाच-सहा घरं करते. कळेल.”

तिला खरंच वाटलं होतं, की कळेल.

२

पहिलं घर एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं होतं. तिसरा मजला, खाली रहदारीचा रस्ता, खिडकीशी जेवणाचं छोटं टेबल आणि दोन खुर्च्या. उजेड चांगला म्हणून ती खिडकीकडच्या खुर्चीत बसायला गेली.

“तिथे नको,” आजोबा पटकन म्हणाले. मग आवाज मऊ करून, “इकडे बसा. हे स्टूल घ्या.”

खिडकीकडच्या खुर्चीवर एक उशी होती आणि ती मधोमध दबलेली होती. असेल एखादं मांजर, असं तिच्या मनात आलं. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या प्रश्नापासून सुरुवात केली. घरी कोण कोण असतं?

“कोण असणार? लग्नबिग्न काही केलं नाही. एकटा जीव सदाशिव.” आजोबा हसले.

“मग भांडं का हो परत केलंत?”

“चांगलं होतं, नाही कशाला म्हणू? पण आम्हाला पुरत नव्हतं.”

ती गप्प बसली आणि मोजू लागली. आजोबा काही बोलेनात. चुळबुळही नाही. ते निवांत खिडकीकडच्या खुर्चीकडे बघत बसले होते. पाच, सहा, सात झाले. शेवटी तीच खाकरली आणि पुढचा प्रश्न विचारून मोकळी झाली. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

‘आम्हाला’ तिच्या कानाला लागलं होतं. पण जुनी माणसं स्वतःला आम्ही म्हणतात, त्यात काय एवढं?

दुसरं घर कपडे शिवणाऱ्या एका बाईंचं. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झालेली, मुलं परदेशी. “आम्ही दुपारी लवकर जेवतो हो,” त्या म्हणाल्या. नवरा गेला तरी जिभेची सवय जात नाही, मुलाखतवालीने मनाशी म्हटलं. इथेही दोनच खुर्च्या होत्या. आणि इथेही, ती टेकणार एवढ्यात, “तिथे नको ताई, इकडे या.”

३

रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायचं काम मास्तरीणबाईंकडे होतं. शाळेत चौतीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. हातातली लाल पेन्सिल सुटली, पण डोक्यातली सुटली नव्हती. त्यांनी आणून दिलेली पानं वाचताना मुलाखतवाली एका ओळीवर थांबली. ‘मला पुरत नव्हतं.’

“बाई, आजोबा ‘आम्हाला’ म्हणाले होते.”

“म्हणाले असतील. चूक आहे ती. एकटा माणूस म्हणजे एकवचन. त्या शिवणकामवाल्या बाईही तसंच बोलल्या. मी दोन्हीकडे सरळ करून टाकलं.”

“जसंच्या तसं ठेवायचं ठरलंय ना आपलं?”

“व्याकरणाचा खून डोळ्यांदेखत होऊ द्यायचा?” बाई खुर्चीत सरसावून बसल्या. आता धडा होणार हे नक्की झालं. “अहो, ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझ्याबरोबरचे. ऐकणारा त्यात नाही. ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं तर तुम्ही उपाशी. ‘आपण जेवू’ म्हटलं तर तुमचंही पान मांडलं. इतकं सोपं आहे, पण लोकांना नीट बोलायलाच नको.”

मुलाखतवालीला हसू आलं.

“आणि हो,” बाई जाता जाता म्हणाल्या, “मुलाखत घेताना खात जाऊ नका. बरं दिसत नाही.”

“मी कुठे खाते?”

“मग चमचा कुणाचा वाजतो? तुम्ही गप्प बसता ना, नेमका तेव्हाच. खर्र, खर्र. ताटलीचा तळ खरवडल्यासारखा.”

बाई गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि आजोबांचं रेकॉर्डिंग कानाला लावलं. आम्हाला पुरत नव्हतं. मग शांतता, खालची रहदारी, आणि तिसऱ्या-चौथ्या आकड्याला चमचा. हळू, सावकाश, पोटभर जेवून झाल्यावर शेवटचं निपटून घ्यावं तसा.

तिने स्वतःची समजूत घातली. घड्याळवाल्याचं घर, कसलातरी काटा अडकून घासत असणार. शिवणकामवाल्या बाईंच्या घरी तर मशीनच होतं. पण मशीन मुलाखतभर झाकून ठेवलेलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. ते तिने बाजूला सारलं. माणूस बाजूला सारण्यात फार हुशार असतो.

४

तिसरा होता पोहायला शिकवणारा. अठ्ठावीस वर्षांचा, खांद्यांनी रुंद, हसरा. घर नवं कोरं, वर्षापूर्वी पहिल्यांदाच एकटा राहायला लागलेला. जुन्या माणसांची बोली नाही, गेलेली बायको नाही. हे घर सरळ जाईल म्हणून तिला जरा हायसं वाटलं.

घरात दोनच खुर्च्या होत्या. एकीचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं, दुसरीचं काढलेलं. तिला त्याने प्लास्टिकवाल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः ओट्याला टेकून उभा राहिला.

“तुम्ही बसा की,” तिने मोकळ्या खुर्चीकडे बोट केलं.

“नाही, नाही. मी उभाच बरा.”

तो बोलका होता. भांड्याची तार कशी आखूड आहे, झाकणाला हात कसा पोळतो, सगळं सांगितलं. मग म्हणाला, “बाकी झकास. फक्त आम्हाला पुरत नव्हतं.”

आता तिच्या धंद्यात एक पाप असतं. उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही, आणि त्याचा शब्द पकडून आडवं तर कधीच विचारायचं नाही. ते पाप तिच्या हातून घडलं. तिला राहवलंच नाही.

“आम्ही म्हणजे कोण?”

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. ती मोजू लागली. सात झाले, आठ, नऊ. तिचा पाय प्लास्टिकवर चुरचुर आवाज करत हलत होता. तो मोकळ्या खुर्चीकडे बघत होता, शाळेतली मुलं बोलण्याआधी बाईंकडे बघतात तसा. मग तो तिच्याकडे झुकला.

“आम्हालाही सुरुवातीला वाटायचं, विचारावं,” तो अगदी हळू म्हणाला. “पण विचारायचं नसतं. फक्त वाढायचं.”

तिने रेकॉर्डर उचलला, आभार मानले, चप्पल घातली. उलटसुलट घातली हे तिला नंतर कळलं. दारात तो पुन्हा पहिल्यासारखा हसरा झाला होता.

“तुमच्या घरी कोण असतं?” त्याने विचारलं.

“मी एकटीच.”

“अजून?” तो म्हणाला, आणि त्याला तिची खरोखर कीव आली होती.

५

गाडीत बसून तिने दारं आतून लावून घेतली. भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, समोरच्या दुकानात कुणीतरी जोरजोरात भांडत होतं. त्या भांडणाचाही तिला आधार वाटला.

आणि तेव्हा तिला आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पहिल्या खेपेतलं एक भांडं तिने स्वतः, हौसेने, आपल्या आईला नेऊन दिलं होतं.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला आई एकटीच राहायची. माझ्याकडे राहायला ये, असं लेक दर महिन्याला म्हणायची आणि आई दर महिन्याला नको म्हणायची. भेटायला ये, असं आई दर आठवड्याला म्हणायची आणि लेक पुढच्या आठवड्यावर ढकलायची. जगाचं ऐकून घेता घेता दिवस संपायचा, आईसाठी उरायचा तो गाडीतून केलेला तीन मिनिटांचा फोन. त्यातही आईचं पालुपद ठरलेलं. माझं काय, मी एकटी. एकटीला कसली भूक. एकटीने कुठे जायचं. तो शब्द कानाला टोचायचा, आणि म्हणून तिला घाई असायची.

गेले तीन महिने आईने ‘एकटी’ हा शब्द काढला नव्हता. रुळली बिचारी, असं लेकीला वाटलं होतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि आता त्याचीच तिला लाज वाटली.

तिने फोन लावला.

“आई, कशी आहेस?”

“अगं, मजेत. आत्ताच जेवलो आम्ही.”

आजवर आईला ती प्रश्न विचारायची आणि उत्तराआधीच पुढचं बोलायची. आज पहिल्यांदा ती गप्प राहिली. एक. दोन. तीन. फोनमध्ये चमचा वाजला.

“मी येते,” ती म्हणाली. “आत्ता.”

६

आईने दार उघडलं. केस नीट विंचरलेले, गालांवर तजेला. वाईट काहीच दिसत नव्हतं, आणि त्यानेच तिचं धाबं जास्त दणाणलं. ओट्यावर जुनं मोठं पातेलं होतं. ते लहान भांडं धुऊन-पुसून, दोरी बांधून कोपऱ्यात ठेवलेलं.

“ते तुझं घेऊन जा गं,” आई म्हणाली. “छान आहे. पण लहान पडतं.”

मुलाखतवाली सवयीने आपल्या खुर्चीकडे वळली. भिंतीकडची, एका पायाने किंचित डुगडुगणारी. शाळेचा अभ्यास तिने त्याच खुर्चीत बसून केला होता.

“तिथे नको. इकडे बस.”

“आई, माझी खुर्ची आहे ती.”

“होती गं,” आई म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने. “किती दिवस रिकामी ठेवायची?”

हे तिला असं लागलं की ती उभीच राहिली. मग धंद्याचे सगळे नियम गुंडाळून ठेवून तिने आईचे दोन्ही हात धरले. “कोण आहे, आई? कोण येतं इथे?”

“कुणी येतबित नाही. खुळी का काय तू?” आईने हात सोडवून तिच्या गालावरून फिरवला. “एकटं माणूस किती दिवस एकटं राहील, सांग बरं?”

“तू माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता. मला उशीर झाला, कळतंय मला. पण आता चल. कपडे नंतर नेऊ.”

दोन वर्षं नको म्हणणाऱ्या आईने मान कलती केली. नजर भिंतीकडच्या खुर्चीवर. कुणाचंतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं तशी ती थांबली.

“बरं,” ती म्हणाली. “येतो आम्ही.”

आई पिशवी आणायला आत गेली. मुलाखतवाली खोलीत उभी होती. बघायचं नाही असं ठरवूनही तिने बघितलं. खुर्चीवरची उशी खोलगट दबलेली होती. आणि तिच्या डोळ्यांसमोर तो खळगा हळूहळू भरून वर आला. खुर्ची आपल्या डुगडुगत्या पायावर एकदा टकटकली आणि स्थिर झाली.

“चला,” आई दारातून म्हणाली, “निघू या आपण.”

आपण. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, की आईने तिलाही धरलं. मग मास्तरीणबाईंचा धडा आठवला. ऐकणाऱ्यालाही धरून म्हणजे, त्या दोघांत आता तीही.

गाडीत आई मागे बसली. “पुढे बस ना,” ती म्हणाली, तर “मागेच बरं,” म्हणून आईने पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली आणि ती टणटण वाजायला लागली. पुढच्या सीटवर माणूस असून त्याने पट्टा लावला नाही की वाजते ती घंटा. मुलाखतवालीने सीटकडे पाहिलं. पर्स ठेवलीय की काय? पर्स तर तिच्याच खांद्याला होती. घंटा वाजतच राहिली.

मागून आईचा हात पुढे आला. तिने पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला, खटकन लावला आणि वरून दोनदा थोपटलं.

घंटा थांबली. पट्टा सीटला चिकटलेला नव्हता. मध्ये चांगली वीतभर जागा होती आणि पट्टा तिथे फुगून, ताणून बसला होता. तिने रस्त्याकडे मान वळवली, ती घर येईपर्यंत पुन्हा त्या बाजूला फिरवली नाही.

७

पुढच्या महिन्यात कंपनीने मोठं भांडं काढलं. मुलाखतवालीने अहवालात एवढंच लिहिलं होतं, की एकटे राहणारे लोक एका माणसापुरतं रांधत नाहीत. साहेब खूश झाले. “बघा, सोपं होतं की नाही? उगाच डोक्याला ताप,” म्हणाले. नवं भांडं आधी ऑफिसातल्याच लोकांना वापरायला दिलं गेलं, सोबत भरायला एक फॉर्म.

आई तिच्या घरी छान रुळली. भाज्या निवडायची, शेजाऱ्यांशी गप्पा मारायची. एकटी हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. मुलाखतवालीचा हलणारा पाय थांबला होता. ऑफिसात कुणीतरी म्हणालंसुद्धा, आई आल्यापासून तुम्ही निवांत दिसता. जेवताना ती स्टुलावर बसायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला. फॉर्म तपासायचं कामही आता त्यांच्याकडेच होतं.

“तुमच्या फॉर्ममध्ये चूक आहे हो. ‘घरातली माणसं’ इथे तीन लिहिलंय. तुम्ही आणि आई म्हणजे दोनच ना? घाईत लिहिलंत वाटतं. दोन करून टाकू का?”

मुलाखतवाली गप्प राहिली. आतल्या खोलीत आई झोपली होती, तिचं बारीक घोरणं ऐकू येत होतं. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. टेबलावरची ताटं अजून उचलायची होती.

एक. दोन. तीन. चार.

“बोला ना काहीतरी,” बाई म्हणाल्या. “आणि आधी ते खाणं थांबवा. फोनवर तरी खाऊ नये माणसाने.”

तिच्या हातात चमचा नव्हता. ती अर्ध्या उघड्या दाराकडे बघत होती. पाच. सहा. विचारायचं नसतं, हे आता तिला ठाऊक होतं.

“राहू द्या, बाई,” ती हळू म्हणाली. “आम्ही लिहिलंय ते बरोबर आहे.”